साठ-पंचावन्नचा उजेड

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्यात पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. त्याच संध्याकाळी मुंबईत तो सहाच्या सुमारापर्यंत क्षितिजावर असतो. दोन्ही शहरांची घड्याळे एकच वेळ दाखवतात, पण त्यांच्या रेखांशांत साडेपंधरा अंशांचा फरक आहे, आणि अंशाला चार मिनिटे या हिशोबाने तो तासाभराचा होतो. १९४८ पर्यंत कोलकात्याने आपली स्वतंत्र वेळ पाळली होती, भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २३ मिनिटे पुढची. ती वेळ गेली, अंधार मात्र आपल्या वेळेवरच येत राहिला. दिवाळीच्या अमावास्येला तिकडे कालीपूजा असते. त्या सुमारासही कचेऱ्या सुटण्याआधीच धर्मतळ्यावरच्या गाड्यांचे दिवे लागलेले असतात.

अशा शहरात हेडलाइटचा बल्ब जाणे ही किरकोळ गोष्ट नाही. समोरून येणाऱ्या मोटारीचा एकच दिवा दिसला की माणूस तिला दुचाकी समजतो आणि दुचाकीपुरतीच जागा सोडतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणजे आपल्या गाडीचा उजवा दिवा समोरून येणाऱ्याला सर्वांत जवळचा. तोच विझलेला असेल, तर गाडीचा जो भाग त्याच्या अंगावर येतो आहे नेमका तोच अंधारात राहतो. शहराच्या दिव्यांत वावरणाऱ्या चालकाला आपला एक बल्ब गेल्याचे कितीतरी दिवस कळत नाही, कारण त्याच्यापुढचा रस्ता नगरपालिकेच्या उजेडात दिसत असतो. धोका असतो तो समोरच्याला, पायी रस्ता ओलांडणाऱ्याला, सायकलवाल्याला. म्हणून हा बल्ब स्वतःसाठी बदलायचा नसतो, इतरांसाठी बदलायचा असतो, आणि म्हणूनच तो लगेच बदलला गेला पाहिजे.

लगेच कधी होते? घरच्या घरी होण्याजोगे असते तेव्हा. बहुतेक साध्या गाड्यांचा हॅलोजन बल्ब काही शे रुपयांत मिळतो आणि पंधरावीस मिनिटांत बसतो. पण या कामाची भीती वाढत चालली आहे आणि कामाची जागा आक्रसत चालली आहे. कोलकात्याच्या निमित्ताने यावर लिहावेसे वाटले, कारण ज्या गाडीचा दिवा कोणालाही उघडता येत होता ती गाडी याच शहराच्या उंबरठ्यावर जन्मली आणि तिथेच संपली.

हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ची, गुजरातमधल्या ओखा बंदरातली. १९४८ साली कारखाना हुगळी जिल्ह्यात उत्तरपाड्याला आला. हावड्याहून वर्धमानकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर आजही ‘हिंद मोटर’ नावाचे स्टेशन आहे. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली अँबॅसडर १९५७-५८च्या सुमारास तिथून बाहेर पडू लागली आणि २४ मे २०१४ रोजी उत्तरपाड्याचे काम थांबेपर्यंत, मार्क टू, मार्क थ्री, नोव्हा, ग्रँड अशी नावे घेत, बाहेर पडत राहिली. मंत्र्यांची पांढरी गाडी म्हणून ती सगळ्या देशाला ठाऊक आहे. कोलकात्याची ती पिवळी टॅक्सी.

तिचा पुढचा दिवा सात इंची, गोल. या मापाला स्वतःचा इतिहास आहे. अमेरिकेत १९४०च्या मोटारींपासून सात इंची गोल, पूर्ण सीलबंद दिवा सगळ्या कंपन्यांवर बंधनकारक झाला, आणि पुढे जगभरातल्या असंख्य गाड्यांनी तेच माप उचलले. आपली जीप, आपली बुलेट, अँबॅसडर, सगळ्यांचे तोंड त्याच मापाचे. त्यामुळे दुकानदाराला एक माल ठेवून दहा तऱ्हेची गिऱ्हाइके भागवता येत. मालदा असो वा मालेगाव, हायवेवरच्या कुठल्याही छोट्या स्पेअर पार्टच्या दुकानात हा दिवा मिळे.

तो उघडायची रीत मॉरिसच्या काळापासून चालत आलेली. बोनेटला हात लावायचा नाही, काम पुढूनच. दिव्याभोवतीची चकचकीत कडी एका स्क्रूवर धरलेली असते, तो सैल करून कडी काढायची. आत धूळ अडवणारे रबर, तेही उतरवायचे. मग काचेचा पूर्ण दिवा आत दाबून थोडा डावीकडे फिरवला की मागच्या स्प्रिंगवरच्या स्क्रूंच्या डोक्यांतून तो सुटतो आणि हातात येतो. मागची पिन ओढली की बल्ब मोकळा. एक पाना-पेचकस पुरे. फक्त एक पथ्य कटाक्षाने पाळायचे, ते म्हणजे दिव्याच्या कडेचे ते स्क्रू फिरवायचे नाहीत, कारण प्रकाशझोताची दिशा त्यांच्यावरच ठरलेली असते.

हावडा किंवा सियालदहच्या टॅक्सीरांगेत हे काम रांगेतच होई. टॅक्सीवाल्यांत बिहारमधून आलेल्यांची संख्या मोठी. घर दूर, गाडी मालकाची, रोजचा हिशोब रोज द्यायचा. गॅरेजमध्ये अर्धा दिवस घालवणे त्याला परवडणारे नव्हते, म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेला एक जादा बल्ब असायचाच. पुढची गाडी सरकायच्या आत कडी निघालेली, बल्ब बदललेला आणि कडी पुन्हा बसलेली. याला मी कौशल्य म्हणते, आणि हे कौशल्य त्या माणसाच्या हातात होते तितकेच त्या गाडीच्या घडणीतही होते. गाडी बनवणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्याचा विचार केलेला होता, निदान त्याची वाट अडवली नव्हती.

सामान मिळायचे आणि अजून मिळते ते मल्लिक बाजारात. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळते, तिथला हा भाग. चौकालगतच लोअर सर्क्युलर रोडचे कबरस्तान, जिथे कवी मायकेल मधुसूदन दत्त विसावला आहे, आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मोटारींचे सुटे भाग. दारे, आरसे, बंपर, काचा, दिव्यांच्या कड्या दोऱ्यांवर टांगलेल्या. मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला भाग वेगळा करून पुन्हा चालत्या गाडीला लावायचा, हा इथला धंदा. आपल्याकडे ज्यांनी मुंबईचा चोरबाजार किंवा कुर्ल्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या आहेत त्यांना इथे परके वाटणार नाही. अशा बाजाराकडे नाक मुरडणारे पुष्कळ असतात. मला मात्र वाटते की वीस-पंचवीस वर्षांची गाडी रस्त्यावर धडपणे चालवायची तर असा बाजार लागतोच. कंपनीच्या शोरूममध्ये जो भाग ‘आता येत नाही’ असे ऐकायला मिळते तो इथे खिळ्याला टांगलेला सापडतो.

बल्बाशीही या शहराचे नाते जुने आहे. १८७९ साली इथे विजेच्या दिव्यांचे पहिले प्रात्यक्षिक झाले आणि एप्रिल १८९९ मध्ये प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लायचे वीजकेंद्र सुरू झाले. फिलिप्सने भारतातला आपला व्यवसाय १९३० साली सुरू केला तो कोलकात्यातून, आणि १९३८ मध्ये दिव्यांचा पहिला भारतीय कारखाना इथेच काढला. त्याआधी, १९३२ साली, बंगाली उद्योजकांनी ‘बेंगॉल लॅम्प’ उभा केला होता. स्वदेशीच्या वातावरणात वाढलेल्या पिढीचा तो अभिमान. तो कारखाना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडला, पण यादवपूरचा बसथांबा अजून ‘बेंगॉल लॅम्प’च आहे. कंडक्टर तेच नाव पुकारतो आणि उतरणाऱ्यांतल्या तरुणांना तिथे कधी बल्ब बनत होते याची कल्पनाही नसते.

आता बल्बाकडे वळू. आपल्या बहुतेक साध्या मोटारींत जो बसतो त्याला एच४ म्हणतात. त्याच्या बुडाशी ‘१२ व्होल्ट, ६०/५५ वॉट’ असे कोरलेले असते. एकाच काचेत दोन तारा. साठ वॉटची तार अप्परसाठी, म्हणजे लांबच्या उजेडासाठी, आणि पंचावन्नची डिपरसाठी. दोन तारांचा बल्ब युरोपात १९२०च्या दशकात आला, हॅलोजन दिव्याचा शोध पुढचा. अमेरिकेत एल्मर फ्रिड्रिक आणि एमेट वायली यांना १९५९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि दोन्ही गोष्टी एकत्र करून एच४ बाजारात आला तो १९७१च्या सुमारास. अर्ध्या शतकाहून जास्त काळ एवढ्याशा वस्तूने जगभरातले रस्ते उजळले आहेत.

साध्या बल्बात टंगस्टनची तार तापून झिजते, तिची वाफ काचेवर बसते आणि काच काळवंडते. हॅलोजन बल्बात आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. काचेजवळ पोचलेली टंगस्टनची वाफ त्या वायूशी संयोग पावते, ते संयुग फिरत फिरत तप्त तारेपाशी येते, तिथल्या उष्णतेत फुटते आणि टंगस्टन पुन्हा तारेवर जमा होते. काच स्वच्छ राहते, तार जास्त तापवता येते, उजेड पांढरा पडतो. पण हे चक्र चालू राहायचे तर काचेचे तापमान अडीचशे अंशांच्या वर हवे. म्हणून काच छोटी, तारेच्या अगदी जवळ, आणि साधी काच तिथे टिकणार नाही म्हणून क्वार्ट्झची.

बोट लावू नका असे जे सांगतात त्याचे कारण इथे आहे. बोटाच्या घामात मीठ आणि तेल असते. बल्ब तापला की त्या ठशाच्या जागी क्वार्ट्झची घडण बिघडते, तिथे काच पांढुरकी होते, उष्णता साठते आणि वेळेआधी बल्ब जातो, कधी फुटतोही. कोलकात्यात तर एप्रिल ते ऑक्टोबर तळहात कोरडा म्हणून राहत नाही. बल्ब धातूच्या बुडाने धरावा किंवा स्वच्छ कागदात. चुकून बोट लागलेच तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून, वाळवून मगच लावावा.

या बल्बात मला सर्वांत देखणी वाटते ती डिपरच्या तारेखालची धातूची वाटी. अप्परच्या तारेचा उजेड मागच्या संपूर्ण आरशावर पडतो आणि सरळ लांब जातो. डिपरच्या तारेखाली मात्र ही छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे आरशाचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तिथून परतलेला उजेड खाली, रस्त्याकडे जातो. वाटीची एक कड पंधरा अंशांनी कापलेली असते. त्या कापामुळे झोत एका बाजूला किंचित वर चढतो, आपल्याकडे डावीकडे, जिथे पादचारी आणि फलक असतात, आणि उजवीकडे, समोरच्याच्या डोळ्यांकडे, खालीच राहतो. मिलिमीटरभराची ही रचना. तार आणि वाटी यांच्या जागा एवढ्याशा जरी हलल्या तरी सगळा हिशोब चुकतो. म्हणूनच बल्बाच्या बुडाला तीन कान असतात, एक रुंद आणि दोन अरुंद, आणि तो एकाच पद्धतीने बसतो.

हे कळले की घरी बल्ब बदलणे म्हणजे नक्की काय सांभाळायचे तेही कळते.

आधी खात्री करावी की दोष बल्बाचाच आहे. एकाच बाजूचा डिपर गेला असेल तर बहुधा बल्ब. दोन्ही बाजूंचे डिपर एकाच वेळी गेले तर फ्यूज, रिले किंवा स्विच तपासावा, कारण दोन तारा एकाच क्षणी तुटणे दुर्मीळ. दिवा लागतो पण पिवळा, मंद लागतो, तर बहुतेक वेळा अर्थिंगचा किंवा जोडाचा गंज. पावसाळ्यात कोलकात्यातल्या ठनठनियाला, आमहर्स्ट स्ट्रीटला गुडघाभर पाण्यातून गेलेल्या गाड्यांना हे दुखणे हटकून होते. २०२५च्या सप्टेंबरात, दुर्गापूजेच्या तोंडावर, एका रात्रीत या शहरावर अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीच्या दिव्यांचे जोड तपासल्याशिवाय बल्ब विकत घेऊ नये. संशय असेल तर डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहावा. दोष बल्बाबरोबर फिरला तर तो बल्बाचा, जागेवरच राहिला तर वायरिंगचा.

मग काम. इंजिन बंद, दिवे बंद, बल्ब निवू द्यायचा. या बल्बात वायू दाबाखाली असतो, म्हणून चष्मा असलेला बरा. बोनेट उघडले की दिव्याच्या पाठीमागे तीन पिनांचे होल्डर दिसते. ते वायरला धरून ओढायचे नाही, होल्डरलाच धरून हलवत हलवत सोडवायचे. ते काळे पडलेले किंवा वितळलेले दिसले तर नवा बल्ब लावून उपयोग नाही, आधी होल्डर बदलायला हवे. त्यामागे रबराची टोपी, तिच्या कानाला धरून उतरवायची. आत तारेची क्लिप असते, ती कशी अडकली आहे हे आधी नीट पाहून ठेवावे, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तर उत्तमच. काही गाड्यांत एका बाजूला बॅटरी इतकी चिकटून असते की हात जातो पण नजर जात नाही. तिथे मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरशाचे काम करतो.

क्लिप दाबून बाजूला केली की बल्ब मागे येतो. नवा बल्ब रुंद कान त्याच्या खाचेत येईल असा ठेवायचा. जोर लावावा लागत असेल तर तो चुकीचा बसतो आहे. तीनही कान सपाट टेकले पाहिजेत, मग क्लिप. क्लिप लागली पण बल्ब तिरका राहिला असे पुष्कळदा होते, आणि मग लोक ‘नवा बल्ब झोत वर मारतो’ म्हणून दुकानदाराशी भांडतात.

त्यानंतरची रबराची टोपी ही घाईत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट, आणि बंगालच्या हवेत तीच सर्वांत महत्त्वाची. ती चहूबाजूंनी नीट बसली नाही तर पावसाची वाफ आत शिरते आणि आरशावरचा अॅल्युमिनियमचा अतितलम थर काळवंडतो. तो थर पुसून परत येत नाही. उलट पुसला की उरलेलाही जातो. काही शे रुपयांच्या बल्बासाठी पूर्ण दिवा फुकट घालवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

शेवटी भिंत. सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करावी, दिव्यांची उंची ठरवणारी चकती असेल तर ती शून्यावर आणावी आणि डिपर लावावा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसते. बऱ्याच गाड्यांच्या दिव्यावर एक टक्का उताराची खूण छापलेली असते, म्हणजे पाच मीटरवर ती कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच सेंटीमीटर खाली हवी. दोन्ही बाजूंच्या कडा सारख्या असल्या की काम झाले. एका बाजूचा बल्ब गेला असला तरी दोन्ही बदलावेत. दोघांचे वय एकच असते, आणि जुन्या-नव्याच्या उजेडात फरक पडतो.

या कामात सर्वांत मोठा घोटाळा बल्ब बसवताना होत नाही, निवडताना होतो. दुकानात शंभर-नव्वद वॉटचे बल्ब मिळतात, दिसायला एच४च, किमतीत थोडाच फरक. साठ वॉटला बारा व्होल्टवर पाच अँपिअर लागतात, शंभरला आठाहून अधिक. कंपनीच्या बारीक वायरी आणि प्लास्टिकचे होल्डर त्यासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळते, कधी वायर जळते, आणि समोरच्याच्या डोळ्यांना होणारा त्रास वेगळाच. वेगळा रिले आणि जाड वायर लावली की ठीक, असा युक्तिवाद होतो. त्याने वायर वाचेल, समोरचा माणूस वाचत नाही.

त्याहून फसवे आहेत ते हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब. पांढराशुभ्र उजेड, कमी वीज, जास्त आयुष्य, हे सगळे खरे असते. पण त्या दिव्याचा आरसा एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी आणि त्या वाटीसाठी घडवलेला आहे. एलईडीच्या चपट्या चिप तिथे बसवल्या की उजेड नको तिकडे उधळतो. चालकाला जवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून तो खूश असतो, आणि समोरून येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. कोलकात्याच्या ईएम बायपासवर हे रोज रात्री अनुभवायला मिळते, आणि पुणे-सातारा रस्त्यावरही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६वा नियम चकाकीबद्दलच आहे. दिव्यापुढे आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवता कामा नये, अशी त्याची कल्पना. नियम चांगला आहे. रात्रीच्या रस्त्यावर तो तपासणारा कोणी दिसत नाही.

चकाकीवर आपल्याकडे काळ्या रंगाचा उपाय फार वर्षे चालत आला. दुसऱ्या महायुद्धात कोलकात्यात दिवे झाकावे लागत. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी शहरावर बॉम्बही टाकले. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत कोलकात्यासारखेच मुंबईतही हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करावा लागे, हे आजच्या साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. तेव्हा वरून विमानाला उजेड दिसू नये हा हेतू होता आणि तो रास्त होता. पण युद्ध संपल्यावरही ट्रक-बसच्या दिव्यांवर काळे पट्टे रंगवले जात राहिले, समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून. वाटीची रचना आठवा. डिपरचा उजेड आरशाच्या वरच्या भागावरून काचेच्या वरच्या भागातूनच बाहेर पडतो. तोच रंगवला म्हणजे सौम्य झोत अडला आणि प्रखर झोताचा मोठा भाग मोकळा राहिला. बल्ब कसा चालतो हे माहीत नसताना केलेला चांगुलपणाही उलटा पडू शकतो, म्हणून ही माहिती मेकॅनिकपुरती राहू नये असे मला वाटते.

इतके सगळे समजून घेतले आणि तरी काही उपयोग नाही, अशी वेळ आता येऊ लागली आहे. नव्या गाड्यांत पूर्ण एलईडी दिवे येतात. ते मुळातूनच तसे घडवलेले असल्यामुळे त्यांचा झोत उत्तम असतो आणि ते वर्षानुवर्षे टिकतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातला भाग बिघडला, किंवा पावसाचे पाणी शिरले, तर अनेक गाड्यांत बदलायला बल्बच नसतो. पूर्ण दिवा बदलावा लागतो, खर्च हजारांच्या घरात जातो, आणि तो भाग कंपनीच्याच दारात मिळतो. काही हॅलोजन गाड्यांतसुद्धा दिव्यापर्यंत पोचायला बंपर उतरवावा लागतो. त्या गाडीच्या आराखड्यावर काम करणाऱ्या कोणाच्याही मनात रात्री नऊ वाजता बल्ब गेलेला माणूस आला नव्हता, हे उघड आहे.

सुट्या भागांचा प्रश्न सरकारदरबारी पोचला होता. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजाराला, स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा मुख्य आक्षेप. प्रकरण पुढे अपिलात गेले. त्या चौदांत मारुती, टाटा, महिंद्र होत्या, परदेशी कंपन्या होत्या आणि हिंदुस्थान मोटर्सही होती. उत्तरपाड्याचा कारखाना थांबून तेव्हा तीनच महिने झाले होते. ज्या गाडीचा सात इंची दिवा कुठल्याही गल्लीत मिळत असे तिच्या कंपनीचे नाव त्या यादीत वाचताना वाईट वाटते. १९५० नंतरच्या साधेपणाच्या काळातली गाडी आणि २०००नंतरच्या व्यापाराची रीत, यांतले अंतर त्या यादीत दिसते.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. माहिती एका जागी मिळणे हे चांगलेच. पण हक्क म्हणायचा तर कायद्यात हवे की ठरावीक वर्षे भाग मिळेल, वाजवी किमतीत मिळेल, आणि दिव्यासारखा सुरक्षिततेचा भाग सामान्य अवजारांनी बदलता येईल. तोवर पोर्टल हे पोर्टलच आहे.

कोलकात्यात पंधरा वर्षांहून जुनी व्यापारी वाहने रस्त्यावर ठेवायची नाहीत हा नियम उच्च न्यायालयाच्या २००८च्या आदेशानंतर लागू झाला, आणि हवेचा विचार करता तो योग्यच होता. त्यामुळे पिवळी अँबॅसडर वर्षागणिक कमी होते आहे. २०१४ नंतर नवी बनलेली नाही, म्हणजे २०२९च्या सुमारास शेवटच्या टॅक्सीची मुदत भरेल. मुंबईने हा निरोप आधीच दिला आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. जुन्या गाड्यांबद्दल हळवे होण्यापेक्षा त्यांच्यातला एक गुण नव्या गाड्यांकडे मागणे मला जास्त गरजेचे वाटते, आणि तो गुण म्हणजे मालकाच्या हाताला पोचणारा दिवा.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. दिवाळीत गावी निघण्याआधी एका संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, अप्पर, डिपर, इंडिकेटर लावून घरातल्या कोणाला तरी पुढून आणि मागून पाहायला सांगा. गेलेला असेल तर ६०/५५चाच बल्ब आणा आणि घरातल्या मुलामुलींना शेजारी उभे करून स्वतः बसवा. आणि पुढची गाडी घ्यायला शोरूममध्ये जाल तेव्हा मायलेज आणि सनरूफच्या आधी विक्रेत्याला बोनेट उघडायला लावून विचारा की हेडलाइटचा बल्ब कुठून बदलतात, तो नुसता मिळतो का, आणि पूर्ण दिव्याची किंमत किती. उत्तर देता आले नाही तर ते लेखी मागा. गिऱ्हाईक हे विचारू लागले तरच कंपन्या ते ऐकतील.